स्कॉट्स भाषेचा ऑनलाइन कोश: फुकट, जाडजूड आणि फाउंड्रीत कामाचा

गुण आधीच सांगून टाकते, पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते पुढं येईलच.

मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, क्वालिटी बघते. आमच्याकडं व्हॉल्व्हच्या बॉड्या ओतल्या जातात, एसजी आयर्नच्या, म्हणजे एका चिवट ओतीव लोखंडाच्या. त्यातला बराच माल ॲबर्डीनला जातो, स्कॉटलंडच्या ईशान्येला, उत्तर समुद्रातल्या तेलाच्या धंद्यावर चालणारं शहर. तिकडचे इन्स्पेक्शनवाले साहेब माणूस म्हणून सोन्यासारखे, पण बोलायला लागले की आमच्या कॉन्फरन्स रूममध्ये सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघतात. इंग्रजी मीडियमचे पण. त्यामुळं मला कोश लागला. हौस म्हणून नाही, रिजेक्शन वाचवायला.

कोशाचं नाव डिक्शनरीज ऑफ द स्कॉट्स लँग्वेज, थोडक्यात डीएसएल. पत्ता डीएसएल डॉट एसी डॉट यूके. पैसे नाहीत, नोंदणी नाही. शब्द टाकायचा आणि वाचत बसायचं.

स्कॉट्स म्हणजे इंग्रजीचा गावठी उच्चार, हा समज आमच्या ऑफिसात पण होता. तसं नाही. जुन्या इंग्रजीची जी उत्तरेकडची शाखा होती तिच्यापासून ही वेगळी वाढली, म्हणजे आजच्या इंग्रजीची ती पोरगी नव्हे, बहीण. आणि गेलिक म्हणतात ती आणखी निराळी, ती केल्टिक घराण्यातली. २०२२ च्या जनगणनेत स्कॉटलंडमधल्या सुमारे २४ लाख लोकांनी सांगितलं की आम्हाला स्कॉट्स बोलता, वाचता, लिहिता किंवा निदान समजता तरी येते. म्हणजे शंभरात ४६ माणसं. आणि तरी तिथल्या शाळांत पिढ्यान् पिढ्या मास्तर पोरांना 'नीट बोल' म्हणून दटावत आले. हे वाचून मला नवल वाटलं नाही. कोल्हापुरातली पोरगी 'मी आलो, मी गेलो' म्हणते आणि पुण्यात हॉस्टेलवर गेली की पहिल्या आठवड्यात तिचं व्याकरण दुरुस्त करणारे चार जण भेटतात.

आता कामाचं. एक मेल आला होता. त्यातली मुख्य ओळ अशी: 'आय डाउट द सेकंड लॉट विल बी आउटविद टॉलरन्स.' टॉलरन्स म्हणजे मापात चालणाऱ्या फरकाची हद्द. आमच्या मार्केटिंगच्या पोरानं ती एका भाषांतराच्या ॲपमध्ये टाकली. ॲपनं सांगितलं की दुसरा लॉट टॉलरन्सशिवाय असेल असं त्यांना वाटत नाही. पोरगं खूश. माल बरोबर आहे म्हणतायत, पुढचं हीट, म्हणजे पुढची भट्टी, लावा.

मी डीएसएल उघडलं. 'आउटविद' म्हणजे बाहेर, पलीकडं. 'विदाउट'शी काही देणंघेणं नाही. स्कॉटलंडमध्ये हा शब्द करारात, सरकारी पत्रात, इंजिनिअरिंगच्या रिपोर्टात सर्रास चालतो. लिहिणाऱ्याच्या ध्यानातही नसतं की सीमेपलीकडच्या इंग्रजाला तो खटकतो. आपला कॉम्प्युटर त्याच्याखाली लाल रेघ मारतो ते वेगळंच. मग 'डाउट'. हा कोशात 'डूट' म्हणून सापडतो आणि खरी गंमत इथं आहे. इंग्रजीत 'आय डाउट' म्हणजे तसं होईल असं वाटत नाही. स्कॉट्समध्ये नेमकं उलटं: भीती वाटते, तसंच होणार. म्हणजे साहेब सांगत होते, 'दुसरा लॉट टॉलरन्सच्या बाहेर जाईल अशी मला शंका आहे.' आता ही मराठी ओळ परत वाचा. 'मला शंका आहे, हा पीस गळणार' असं आमचा मशीनशॉपचा फोरमन म्हणतो तेव्हा पीस गळणारच असतो. आपली शंका आणि त्यांचा डूट एकाच बाजूला झुकतात. बिचारा इंग्रजच दुसऱ्या बाजूला राहतो. एका ओळीत दोन सापळे, आणि दोन्ही मिळून अर्थाची पार पलटी. लॉट थांबवला, सर्फेस प्लेटवर चढवला, हाइट गेज फिरवला. फ्लँज, म्हणजे बोल्ट मारून जोडायची कडा, वाकलेली होती.

अशा वाकलेल्या फ्लँजला पण त्यांच्याकडं झकास शब्द आहे, 'थ्रॉन'. मूळ अर्थ पिळवटलेलं, वेडंवाकडं झालेलं, उदाहरणार्थ लाकूड. तिथून तो माणसावर आला: आडमुठा, सांगेल त्याच्या उलट करणारा. कोशात हे दोन्ही अर्थ क्रमानं मांडलेत आणि प्रत्येकाखाली तो कुठं, कोणत्या साली, कोणी वापरला त्याची वाक्यं. आधी वस्तू, मग माणूस. आमच्या शॉपमध्ये पण 'वाकडं' हा शब्द सकाळी कास्टिंगला आणि दुपारी एका विशिष्ट सुपरवायझरला लागतो.

हीच या कोशाची खरी ताकद. नुसता अर्थ देऊन मोकळा होत नाही, पुरावा देतो. 'स्टूर' टाकला, म्हणजे धूळ, तर कितीतरी स्पेलिंगं एकाखाली एक येतात. त्यानंतर अर्थ, त्यानंतर वाक्यं, आणि वाक्याच्या आधी जिल्ह्याचं नाव आखडून: ॲबर्डीनशर, फाइफ, शेटलंड. कुठला शब्द कुठल्या गावचा हे तिथंच कळतं. फाउंड्रीत धुळीशिवाय दुसरं काय आहे, त्यामुळं स्टूर मी लगेच उचलला. 'स्केल्फ' म्हणजे कुसळ, बोटात जातं ते. फेटलिंगवाल्यांना, म्हणजे ओतलेला माल घासून साफ करणाऱ्यांना, रोजचं. 'फँकल' म्हणजे गुंता. डिस्पॅचच्या कागदपत्रांचं दुसरं नाव समजा. 'शूगल' म्हणजे डगमगणं, हलणं. त्यावरून एक म्हण आहे: तुझं जाकीट हलत्या खुंटीवर टांगलंय. म्हणजे नोकरीचं काही खरं नाही. ही म्हण मी आमच्या एचआरच्या मॅडमना सांगितली, त्या नुसत्या हसल्या. मला जरा काळजीच वाटली.

वेळेचे शब्द मात्र हसण्यावारी नेऊ नका, तारखा चुकतात. 'द मॉर्न' म्हणजे उद्या. 'द डे' म्हणजे आज. 'द मॉर्न्ज मॉर्न' म्हणजे उद्या सकाळी. आणि 'द बॅक ओ टू' म्हणजे दोन वाजून गेल्यावर थोड्याच वेळात. आपल्याकडं दोनच्या मागं म्हणजे पावणेदोन असं कुणालाही वाटेल. पावणेदोनला मीटिंगची लिंक उघडून अख्खी टीम बसली तर पलीकडं कुणीच नसणार. 'माइंड' हा आणखी एक: स्कॉट्समध्ये त्याचा अर्थ आठवण ठेवणं. 'माइंड द सर्टिफिकेट्स' म्हणजे सर्टिफिकेटं पाठवायची आठवण ठेव. रागावून नाही म्हणत.

'पीस'चं सांगायलाच हवं. आमच्याकडं पीस म्हणजे कास्टिंग. 'किती पीस झाले?' 'दोनशे चाळीस.' साहेब एका कॉलवर म्हणाले की थांबा जरा, माझा पीस खाऊन येतो. मार्केटिंगचा पोरगा माझ्याकडं बघायला लागला. डीएसएलमध्ये पीस म्हणजे पावाचा तुकडा लोणी-जॅम लावून, मधल्या वेळचं खाणं, कामगाराचा डबा. त्या सुट्टीला पीस-टाइम म्हणतात. आमच्या शॉपमध्ये साडेबाराचा भोंगा झाला की आता पोरं पीस-टाइम म्हणून ओरडतात आणि भाकरी-ठेचा काढतात.

ॲबर्डीनची बोली डोरिक. तिच्यात 'व्ह'नं सुरू होणाऱ्या प्रश्नाच्या शब्दांत 'व्ह'चा 'फ' होतो, आणि 'हाउ'चं पण तसंच. व्हॉट म्हणजे 'फिट', व्हेअर म्हणजे 'फार', हाउ म्हणजे 'फू'. 'फिट लाइक?' म्हणजे काय कसं काय. मुलगा 'लून', मुलगी 'क्वाइन'. आणि एक विचारणा अशी: 'फूज यर डूज?' तुझी कबुतरं कशी आहेत? उत्तर, 'आय पेकिन', टिपतायत दाणे अजून. इथल्या पेठांत गच्चीवर कबुतरं पाळणाऱ्या माणसाला हा प्रश्न कुणी खरंच विचारला तर तो तासभर उत्तर देईल. मी पहिल्यांदा कॉलवर 'आय पेकिन' म्हटलं तेव्हा पलीकडच्या खोलीतून कुणीतरी टाळी वाजवली. त्यानंतरचं बोलणं पार मोकळं झालं, आणि ड्रॉइंगमधले दोन बदल त्याच दिवशी मंजूर झाले. कोश फुकटचा आहे हे वर सांगितलंच.

पावसाचे शब्द आपल्या लोकांना आवडतील. 'ड्रीख' सगळ्यांत प्रसिद्ध, शेवटचा ख घशातून काढायचा. आज त्याचा अर्थ करडं, ओलं, कंटाळवाणं हवामान. पण जुन्या नोंदी बघितल्या तर मूळ अर्थ लांबलचक, संपता न संपणारं. लांबलेलं प्रवचन पण ड्रीख आणि लांबलेला रस्ता पण ड्रीख. हवामान त्यात नंतर आलं. झड लागली की आपण पावसापेक्षा त्याच्या न थांबण्यालाच जास्त वैतागतो, तसंच. 'स्मर' म्हणजे भुरभुर. 'ड्रूकिट' म्हणजे ओलाचिंब. 'हार' म्हणजे पूर्व किनाऱ्यावर समुद्रावरून आत येणारं गार धुकं. 'बर्न' म्हणजे ओढा. आणि 'स्पेट' म्हणजे नदी फुगणं. पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडली की आमच्या ग्रुपवर आकडे यायला लागतात, ४३ ला धोका. २०१९ ला आणि २०२१ ला शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली गेला होता. आता कधी पुरामुळं माल अडकलाय असा मेल लिहायची वेळ आली तर 'रिव्हर इन स्पेट' एवढ्यावर काम भागेल. बर्फाचे शब्द मी सोडून दिले. ग्लासगो विद्यापीठाच्या लोकांनी २०१५ मध्ये बर्फासाठीचे ४२१ शब्द मोजले होते. गारपीट सोडली तर आपल्याला त्याचं काय करायचंय?

आता कोश केला कुणी ते, कारण त्याशिवाय किंमत कळत नाही. वेबसाइटवर दोन थोरले कोश एकत्र केलेत, २००४ पासून. एक, डिक्शनरी ऑफ दि ओल्डर स्कॉटिश टंग, बारा खंड, बाराव्या शतकापासून १७०० पर्यंतची भाषा. याचा पहिला भाग १९३१ ला आला आणि शेवटचा खंड २००२ ला. हे काम सुरू करणारे विल्यम क्रेगी डंडीचे, ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाचे पण ते एक संपादक. दुसरा, स्कॉटिश नॅशनल डिक्शनरी, १७०० नंतरची भाषा, दहा खंड, १९३१ ते १९७६. त्याचे पहिले संपादक विल्यम ग्रँट १९४६ मध्ये वारले, मग डेव्हिड म्युरिसन यांनी तो शेवटाला नेला. म्युरिसन फ्रेझरबरोचे, म्हणजे आमच्या साहेबांच्याच मुलखातले. आपला दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश पण १९३२ पासूनच यायला लागला. सात खंड १९३८ पर्यंत, आणि १९५० ला पुरवणी. एकाच काळात दोन टोकांना माणसं चिठ्ठ्या लिहीत बसली होती. दाते-कर्व्यांनी पण प्रांतोप्रांतीचे शब्द घेतलेत, पण आज एखाद्या शब्दापुढं 'कागल', 'राधानगरी', 'शिरोळ' असं लिहिलेलं आणि सालवार वाक्यं दिलेली बघायची तर कुठं जायचं? 'इस्कटणे', 'रगील', 'जुंधळा' मी हौसेनं शोधत असते. इतकं नेटकं मांडलेलं कुठं भेटत नाही. असो, हे परीक्षण डीएसएलचं.

वाचता वाचता फाटे फुटतात, ते पण सांगते. फ्रान्सशी स्कॉटलंडचा जुना करार १२९५ चा, आणि त्यांच्या स्वयंपाकघरात फ्रेंच शब्द आहेत. 'ॲशेट' म्हणजे मोठं ताट, फ्रेंच 'आसियेत'वरून. 'फॅश' म्हणजे त्रास करून घेणं, तो पण फ्रेंच. 'डिनी फॅश' म्हणजे नको टेन्शन घेऊस. हे वाक्य साहेबांच्या तोंडी वारंवार येतं, बहुतेक वेळा मी टेन्शनमध्ये असताना. आणि 'ग्लॅमर' हा शब्द इंग्रजीत स्कॉट्सनंच घातला. तो आहे 'ग्रामर'चा बिघडलेला अवतार, अर्थ होता जादूटोणा. ज्याला व्याकरण येतं त्याला मंत्रतंत्र पण येत असणार, असा लोकांचा हिशोब. आमच्या शाळेतल्या व्याकरणाच्या बाईंकडं बघून आम्हाला यातलं फक्त भय जाणवायचं.

अर्धा गुण कापला तो एवढ्यासाठी, की हा कोश झटपट अर्थ हवा असणाऱ्याचा नाही. मुळात तो ऐतिहासिक कोश आहे. 'थ्रॉन'चा अर्थ एका ओळीत पाहिजे तर ती ओळ आधी शोधावी लागते, आजूबाजूला शंभर वर्षांची अवतरणं असतात. संक्षेप भरपूर. एकच शब्द दोन्ही कोशांत वेगवेगळा येतो, तेव्हा नवा कुठला आणि १७०० च्या आधीचा कुठला ते बघून क्लिक करायचं. स्पेलिंग ठरलेलं नाही, कारण भाषेचंच ठरलेलं नाही. कानावर पडला तसा शब्द टाकला तर कधी पहिल्यांदाच लागतो, कधी चार प्रकारे टाकून बघावा लागतो. उच्चार ध्वनिलिपीत. ज्याला ती चिन्हं वाचता येत नाहीत त्यानं साहेबांनाच विचारावं, ते आनंदानं म्हणून दाखवतात, तीनदा. आणि व्याख्या इंग्रजीत, तेव्हा इंग्रजी येणं गृहीतच आहे.

पण हे सगळं सोसायला मी तयार आहे, कारण दुसरे पर्याय वापरून झालेत. 'स्कॉटिश स्लँग' नावाखाली एक ॲप घेतलं होतं, दर दुसऱ्या शब्दाला जाहिरात, आणि शब्द कुठले तर सगळे शिव्या आणि दारूचे. माझ्या भावानं एडिनबराहून एक मग आणून दिला, त्यावर वीस शब्द छापलेत. मगात चहा चांगला राहतो. विकिपीडियाची स्कॉट्समधली आवृत्ती तर २०२० मध्ये जगभर गाजली. तिथले हजारो लेख एका अमेरिकन मुलानं लिहिले होते आणि त्याला स्कॉट्स येतच नव्हती, इंग्रजी वाक्यात अधूनमधून स्कॉट्स दिसणारे शब्द पेरले होते. पोरगा वाईट हेतूचा नव्हता, लहानपणी सुरू केलं आणि कुणी अडवलं नाही. पण मशीन असल्या मजकुरावर शिकलं तर मला उद्या कसलं भाषांतर देणार? म्हणून मी अवतरण बघते, साल बघते, जिल्हा बघते. क्वालिटीत इतकी वर्षं काढल्यावर बिनसर्टिफिकेटचा माल घ्यायची सवय राहत नाही.

३० नोव्हेंबर २०२५ पासून स्कॉटलंडमध्ये स्कॉट्सला गेलिकसोबत अधिकृत दर्जा मिळालाय, तसा कायदाच झाला. साहेबांना कॉलवर अभिनंदन केलं. ते म्हणाले, आमची आई असती तर म्हणाली असती, आता शाळेत मार खाल्ल्याचे पैसे परत द्या.

कुणी घ्यावा: ज्यांचा स्कॉटलंडशी कामाचा संबंध आहे, नर्सिंगला किंवा शिकायला पोरं तिकडं गेलीत, बोलीभाषेत ज्यांना गोडी आहे. पेशंट 'पीली-वॉली' वाटतंय म्हणाला तर तो फिकुटलेला, आजारी वाटतोय, हे नर्सला पहिल्या दिवशी कळायला पाहिजे. 'आय एम अवे फॉर द मेसेजेस' म्हणजे किराणा-भाजी आणायला चाललोय, निरोप पोचवायला नाही, हे घरमालकीण सांगते तेव्हा पण. ज्यांना नुसता अर्थ हवा त्यांच्यासाठी डीएसएल चालवणाऱ्या संस्थेचाच शाळकरी मुलांचा छोटा कोश आहे, किंवा छापील कन्साइज स्कॉट्स डिक्शनरी, पहिली आवृत्ती १९८५, दुसरी २०१७. छापील मी घेतलेला नाही, त्यामुळं त्याला गुण देत नाही.

वापरायची पद्धत माझी अशी: मेल आला की ओळखीचे दिसणारे इंग्रजी शब्द आधी तपासायचे. डाउट, माइंड, पीस, मेसेज, मॉर्न, बॅक. अनोळखी शब्द आपण तसेही शोधतोच. संक्षेपांची यादी दुसऱ्या टॅबमध्ये उघडी ठेवायची. आणि ॲबर्डीनचा माणूस असेल तर 'व्ह'चा शब्द न सापडल्यास 'फ'खाली बघायचं.